ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) हात थांबतो तेव्हा: एखाद्या शस्त्रक्रियेला धार्मिक हरकत असेल तर या क्षेत्रात कसं यायचं?

सिझेरियन चाललं होतं. बाळ बाहेर आलं, रडलं, गर्भपिशवीला टाकेही पडले. डॉक्टरांनी मान वर न करता हात पुढे केला आणि म्हणाल्या, "बॅबकॉक." बॅबकॉक म्हणजे टोकाशी गोलसर, हलकी पकड असलेला चिमटा. गर्भनलिका न दुखावता उचलायला तो लागतो. हत्यारांच्या ट्रॉलीपाशी उभ्या असलेल्या शिकाऊ मुलीनं तो उचलला आणि तिचा हात तिथेच थांबला. या सिझेरियनबरोबर नसबंदीही आहे, हे तिला तेव्हा कळलं. मुलगी श्रद्धाळू कॅथलिक. नसबंदीला आपण हातभार लावायचा नाही, हे तिनं मनाशी केव्हाच ठरवलेलं होतं. सांगितलं मात्र कुणालाच नव्हतं.

डॉक्टरांनी दुसऱ्यांदा मागितला. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच वाकून ट्रॉलीवरचा दुसरा बॅबकॉक घेतला. पडद्याच्या पलीकडे बाई जागी होती, कारण भूल कमरेतून दिलेली. तिनं घाबरून विचारलं, "काय झालं? काही बिघडलं का?" भूलतज्ज्ञांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून समजूत घातली. पुढे पोट बंद करण्याआधी मॉप (रक्त टिपायची कापडं) मोजले तर एक कमी भरला. पोटात शोधा, बादलीत शोधा, जमिनीवर शोधा. शेवटी तो ड्रेपच्या, म्हणजे रुग्णावर अंथरलेल्या निर्जंतुक कापडाच्या, घडीत सापडला. मी त्या केसला सर्क्युलेटिंगला होते, म्हणजे निर्जंतुक गाऊन न घालता बाहेरून सामान पुरवायला. हात धुऊन, गाऊन-ग्लोव्हज घालून मी तिच्या जागी उभी राहीपर्यंत नलिका बांधून झाल्या असत्या.

त्या मुलीची श्रद्धा खरी होती आणि आजही मला तिच्याविषयी आदर आहे. पण ती हरकत सहा महिने आधी एका कागदावर यायला हवी होती. ती आली उघड्या पोटावर. ओटी टेक्निशियन, स्क्रब नर्स (निर्जंतुक गाऊन घालून सर्जनच्या हातात हत्यारं देणारी), सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट असं काही व्हायचं मनात असलेल्या आणि "पण माझ्या धर्मात अमुक चालत नाही" असं ज्यांना वाटतं, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

डॉक्टरपेक्षा तुमचा पेच वेगळा का

सर्जन कोणत्या शस्त्रक्रिया करायच्या हे बऱ्याच अंशी स्वतः ठरवतो. गर्भपात करायचा नसेल तर तो ती केस घेतच नाही. तुमचं तसं नसतं. उद्याच्या शस्त्रक्रियांची लिस्ट दुसरं कुणी तरी बनवतं, कुणाला कुठल्या ओटीत लावायचं हे इन्चार्ज ठरवतात आणि तुम्ही जाऊन ट्रॉली लावता. निर्णय तुमचा नसतो, पण हात तुमचा असतो.

शिवाय एकदा केसला उभं राहिलं की मधूनच निघता येत नाही. सुरुवातीला सुया, ब्लेड, गॉज, मॉप, हत्यारं यांची मोजणी झालेली असते. पोकळी बंद करण्याआधी ती पुन्हा होते, त्वचेला टाके घालताना पुन्हा. मध्ये माणूस बदलला तर सगळी मोजणी नव्यानं, दोघांनी मिळून, मोठ्यानं करायची असते. त्यामुळे कुणी रागानं किंवा घाबरून बाजूला झालं की त्या क्षणापासून पोटात काय आहे आणि काय नाही, याची खात्री कुणालाच उरत नाही. वस्तू आत राहून जाण्याचे प्रकार अशाच गडबडीत होतात.

हरकत नेमकी कशाकशाला असते

गर्भपात हे नाव सर्वांत आधी डोळ्यांपुढे येतं. पण तिथेच मोठी गल्लतही होते. ज्याला लोक "क्युरेटिंग" किंवा "पिशवी साफ करणं" म्हणतात, त्या शस्त्रक्रियेचं सामान एकच: तेच डायलेटर, तीच सक्शनची नळी, तीच ट्रॉली. ती कधी नको असलेला गर्भ काढायला होते, कधी पोटातच गेलेला गर्भ काढायला, कधी अर्धवट झालेल्या गर्भपाताचा रक्तस्राव थांबवायला, तर कधी गर्भाचा काही संबंधच नसताना नुसता तपासणीसाठी अस्तराचा तुकडा घ्यायला. लिस्टवर मात्र एकच नाव असतं. "मी क्युरेटिंगला उभी राहणार नाही" असं सरसकट सांगणारी मुलगी, जिचं हवंहवंसं बाळ पोटातच गेलं आहे अशा आईलाही नकार देत असते. तिच्या धर्माचं तसं मुळीच म्हणणं नसतं. म्हणून हरकत शस्त्रक्रियेच्या नावाला आहे की कारणाला, हे आधी स्वतःशी नीट ठरवून घ्या.

गर्भनलिकेत वाढणाऱ्या गर्भाबाबतही तसंच. हा गर्भ जगू शकत नाही आणि नलिका फुटली तर आई पोटातल्या पोटात रक्तस्राव होऊन जाते. ज्या कॅथलिक परंपरेत गर्भपाताला सर्वांत कडक विरोध आहे, तिथेही रोगट झालेली नलिका काढण्याला मान्यता आहे. त्यामागचा विचार असा, की हेतू आईचा जीव वाचवण्याचा आहे, गर्भ जातो तो त्या उपचाराचा न टाळता येणारा परिणाम म्हणून. ज्यू परंपरेत मिश्ना या प्राचीन धर्मनियमांच्या संग्रहाचा जुना दंडकच आहे: बाळाचं डोकं बाहेर येईपर्यंत आईचा जीव आधी. आपला धर्म नेमकं काय म्हणतो हे आपल्याच धर्मातल्या जाणत्या माणसाला विचारलं, तर निम्म्या शंका तिथेच मिटतात, हा माझा अनुभव आहे.

नसबंदीला कॅथलिक चर्चचा विरोध आहे. १९६८ मध्ये पोप पॉल सहावे यांनी तो पुन्हा स्पष्ट शब्दांत मांडला. आणि ही हरकत फसवी असते, कारण नसबंदी पुष्कळदा दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या पोटात लपून येते, आमच्या त्या सिझेरियनसारखी.

प्राण्यांपासून बनलेल्या वस्तूंचा विचार फार थोडे लोक आधी करतात. रक्त पातळ ठेवणारं हेपारिन मुख्यतः डुकराच्या आतड्यापासून मिळतं. हृदयाच्या काही कृत्रिम झडपा डुकराच्या असतात, काही गाईच्या हृदयावरच्या आवरणापासून केलेल्या. रक्त थांबवायला लावतात तो जिलेटिनचा स्पंज बहुधा डुकराच्या कातडीपासून बनतो. जुना कॅटगट हा टाक्यांचा दोरा मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्याचा. मुस्लिम, ज्यू, हिंदू, जैन अशा कुणालाही इथे अडखळायला होऊ शकतं. या वस्तूंना पर्याय असतील तर ते निवडायचा हक्क रुग्णाचा आणि सर्जनचा आहे. तुम्हाला त्या फक्त हाताळायच्या असतात. नाइलाज असेल तिथे निषिद्ध गोष्टही चालते, हे तत्त्व इस्लाममध्ये थेट कुराणात आहे. पण हाताळणंही नको असं वाटत असेल, तर हृदयशस्त्रक्रियेचा विभाग तुमचा नव्हे. तिथे हेपारिनशिवाय पान हलत नाही.

यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक १९४५ पासून रक्त घेणं निषिद्ध मानतात. स्वतः न घेणं ही एक गोष्ट. पण टेबलावरच्या दुसऱ्या माणसाला रक्त द्यायचं ठरलं आणि ती पिशवी आणायला तुम्हाला सांगितलं, तर? याचं उत्तर ओटीत शिरण्याआधी पक्कं असायला हवं, कारण रक्त मागवलं जातं तेव्हा विचार करायला सवड नसते.

आता अवयवदानाविषयी थोडं सविस्तर. माझ्या पाहण्यात गर्भपातापेक्षाही जास्त माणसं इथे हलली आहेत आणि शिकवताना याचा उल्लेख क्वचितच होतो. मेंदूमृत माणूस ओटीत येतो तेव्हा त्याची छाती व्हेंटिलेटरवर खालीवर होत असते, हात लावला तर अंग ऊबदार लागतं, मॉनिटरवर ठोके दिसतात. मुख्य रोहिणीला क्लॅम्प लावला जातो, थंड द्रव आत सोडतात, बर्फ भरतात. ठोक्यांची रेघ सपाट होते आणि कुणीही धावत नाही. भूलतज्ज्ञ व्हेंटिलेटर बंद करतात. इतर सगळ्या केसेसमध्ये ज्या आवाजाला आपण दचकून उभे राहतो, तो इथे शांतपणे बंद केला जातो. पुढचं काम खाली मान घालून चालू राहतं. मेंदू मेला म्हणजे माणूस मेला, ही व्याख्या वैद्यकात रुजली ती १९६८ च्या हार्वर्ड समितीच्या अहवालानंतर. मुस्लिम देशांच्या फिकह (इस्लामी धर्मशास्त्र) अकादमीनं १९८६ मध्ये अम्मानच्या बैठकीत ती मान्य केली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० मध्ये तिला अनुकूल कौल दिला. सनातनी ज्यू धर्मगुरूंमध्ये मात्र यावर आजही दोन तट आहेत. तेव्हा एखाद्याला ही केस नको वाटली तर त्यामागे धर्म असू शकतो, किंवा फक्त हेलावलेलं मन. दोन्हींचा मान ठेवायला हवा. पण कुठलं काय आहे ते ओळखा, कारण नुसतं मन हेलावलं असेल तर कुणी समजूतदार माणूस शेजारी उभं राहिलं तरी पुष्कळ फरक पडतो.

मदत म्हणजे किती मदत?

"मी काही ऑपरेशन करत नाही, नुसती हत्यारं देते." हे वाक्य स्वतःच्या समाधानासाठी कितीही म्हटलं, तरी प्रश्न सुटत नाही. तो फार जुना आहे. १६७९ मध्ये पोप इनोसंट अकरावे यांनी काही मतं त्याज्य ठरवली. त्यांतलं एक असं होतं: मालक वाईट हेतूनं कुणाच्या खिडकीतून चढतो आहे हे माहीत असताना, नोकरी जाईल या भीतीनं त्याला शिडी धरणारा किंवा खांदा देणारा नोकर गंभीर पाप करत नाही. पोपनी हे मत नाकारलं. त्यानंतर शे-दोनशे वर्षं धर्मपंडित याच शिडीभोवती वाद घालत राहिले. त्यातून निघालेला भेद उपयोगी आहे. कृत्याचा हेतूच तुम्हाला मान्य असेल तर तुम्ही त्यात पूर्ण सामील. हेतू मान्य नसून नुसता हातभार लागत असेल, तर तो किती जवळचा आणि किती न टळणारा आहे, हे पाहायचं.

ओटीत ही शिडी अशी दिसते. चिमटा हातात देणं अगदी जवळचं. सर्क्युलेट करणं जवळचंच. आदल्या दिवशी हत्यारांचा सेट ऑटोक्लेव्ह करणं (वाफेनं निर्जंतुक करणं) लांबचं, कारण तोच सेट उद्या कुठल्याही केसला उघडेल. केस झाल्यावर ओटी पुसून घेणं, रुग्णाला रिकव्हरीत नेणं, तिचा रक्तदाब मोजणं, यांत मला कुठलीच सामीलकी दिसत नाही. ती सेवा आहे.

न्यायालयांनीही रेघ याच भागात कुठे तरी ओढली आहे. ब्रिटनमधल्या सॅलफर्ड इथल्या एका आरोग्य केंद्रातल्या सेक्रेटरीनं गर्भपातासंबंधीचं पत्र टाइप करायला नकार दिला. १९८८ मध्ये तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हा सर्वांत वरचं न्यायालय तेच होतं) सांगितलं, की पत्र टाइप करणं म्हणजे उपचारात सहभाग नव्हे. ग्लासगोमधल्या दोन वरिष्ठ मिडवाइफ्सनी (प्रशिक्षित सुईणींनी), गर्भपाताच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या नर्सेसवर देखरेखही आपण करणार नाही, अशी भूमिका घेतली. २०१४ मध्ये ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयानं तीही मान्य केली नाही. सहभाग म्हणजे प्रत्यक्ष हातांनी भाग घेणं, असा अर्थ त्यांनी लावला. त्या मोजमापानं स्क्रबला उभा राहणारा माणूस आत येतो, पाळ्या लावणारा येत नाही.

कायदा कुठे पाठीशी असतो

देशागणिक चित्र बदलतं, म्हणून कुठल्या तरी व्हिडिओत ऐकलेला "माझा हक्क आहे" हा विश्वास घेऊन नोकरीला जाऊ नका. ब्रिटनमध्ये १९६७ च्या गर्भपात कायद्याच्या चौथ्या कलमानं नकाराची मुभा दिली आहे. पण हरकत खरी आहे हे दाखवायची जबाबदारी ती सांगणाऱ्यावर टाकली आहे, आणि आईचा जीव वाचवायचा असेल किंवा गंभीर कायमची इजा टाळायची असेल तिथे ही मुभा लागू नाही. अमेरिकेत १९७३ चे चर्च अमेंडमेंट्स (कायद्यातल्या दुरुस्त्या) आहेत. नाव ऐकून ते धर्मसंस्थेचे वाटतात, पण ते नाव फ्रँक चर्च या सिनेटरवरून पडलं. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थांत गर्भपात किंवा नसबंदी करायला अथवा तिच्यात मदत करायला नकार दिला म्हणून कर्मचाऱ्याशी भेदभाव करता येत नाही. आणि कुणी अशी शस्त्रक्रिया केली म्हणून त्याच्याशीही नाही. ही दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही, पण ओटीत दोन्ही मतांची माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात, म्हणून ती महत्त्वाची आहे.

इतर धार्मिक अडचणींसाठी तिथे १९६४ चा नागरी हक्क कायदा आहे. मालकानं वाजवी सोय करून द्यायची, त्याला अवाजवी त्रास होत नसेल तोवर. २०२३ मध्ये रविवारी काम न करू इच्छिणाऱ्या एका टपाल कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की किरकोळ गैरसोय हे कारण चालणार नाही, व्यवसायावर भरीव बोजा पडतो हे मालकाला दाखवावं लागेल.

स्वीडनमध्ये उलट. तिथे गर्भपाताला मदत न करणाऱ्या दोन मिडवाइफ्सना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं २०२० मध्ये त्यांच्या तक्रारी दाखलच करून घेतल्या नाहीत. भारतात संविधानाचं पंचविसावं कलम सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं, पण त्याच वाक्यात सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादाही घालतं. १९७१ च्या गर्भपात कायद्यात कर्मचाऱ्याच्या नकारासाठी वेगळं कलम नाही. म्हणजे तिथे बरंचसं तुमच्या संस्थेच्या नियमांवर आणि इन्चार्जशी झालेल्या मोकळ्या बोलण्यावर अवलंबून राहतं.

जिथे "नाही" म्हणता येत नाही

रात्री नलिका फुटलेली बाई येते. पोट रक्तानं भरलेलं, नाडी लागत नाही, हजर टेक्निशियन एकटे तुम्ही. इथे हरकत घेता येत नाही. ब्रिटनच्या कायद्यातली मुभा इथे थांबते आणि मला माहीत असलेले सगळे धर्मही थांबतात. ज्यूंमध्ये तर जीव वाचवायला शब्बाथ (आठवड्याच्या पवित्र विश्रांतीचा दिवस) मोडणं हे कर्तव्यच मानलं आहे. याला तुमचं मन तयार नसेल, तर एकट्यानं रात्रपाळी करावी लागेल अशी नोकरी घेऊ नका. हे कठोर वाटेल, पण टेबलावरच्या बाईच्या बाजूनं बघा.

आणि हरकत शस्त्रक्रियेला असते, माणसाला नसते. याची एक सोपी परीक्षा मी शिकाऊ मुलांना देते: रुग्ण बदलला तरी हरकत तशीच राहते का? लग्न न झालेल्या मुलीच्या गर्भपाताला नकार, पण लग्न झालेलीच्या त्याच शस्त्रक्रियेला होकार, असं असेल तर ती धर्माची हरकत नव्हे, ते त्या मुलीला दोषी ठरवणं झालं. एचआयव्ही असलेल्याच्या केसला उभं न राहणं ही तर निव्वळ भीती आहे, तिला श्रद्धेचं नाव देऊ नका. आणि गर्भपातानंतर रक्तस्राव होऊन परत आलेली बाई ही फक्त रक्तस्राव होणारी बाई असते.

मग सांगायचं कधी आणि कसं

प्रवेश घेण्याआधी. कोर्सच्या समन्वयकांना सरळ विचारा, की प्रात्यक्षिकात कुठल्या केसेस सक्तीच्या आहेत. अनेकांना वाटतं की एका शस्त्रक्रियेला नाही म्हटलं की शिक्षणच संपलं. तसं बहुधा होत नाही. अमेरिकेतल्या सर्जिकल टेक्नॉलॉजीच्या अभ्यासक्रमात १२० केसेस पूर्ण करायच्या असतात, ३० जनरल सर्जरीच्या आणि ९० इतर विभागांच्या. हाडं, डोळे, कान-नाक-घसा, मूत्रमार्ग, मेंदू, प्लास्टिक सर्जरी एवढं सगळं त्यात येतं. दोन-तीन शस्त्रक्रिया वगळून तो आकडा सहज भरतो. वाचन मात्र वगळता येत नाही. परीक्षेत नसबंदीचे टप्पे विचारले तर ते यायलाच हवेत.

नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात इन्चार्जना लेखी द्या. मोघम नको. "माझ्या धर्माविरुद्ध असलेल्या कामाला मी नाही" या वाक्यावर कुणी पाळी लावू शकत नाही. त्या सिझेरियननंतर त्या मुलीनं आणि मी बसून जे चार ओळींचं पत्र लिहिलं, ते साधारण असं होतं: "धार्मिक श्रद्धेमुळे नसबंदीच्या आणि जिवंत गर्भाच्या ऐच्छिक गर्भपाताच्या केसला मी स्क्रब किंवा सर्क्युलेटिंग करू शकत नाही. गर्भ गेलेला असेल, गर्भ नलिकेत असेल किंवा आईच्या जिवाला धोका असेल तर मी उभी राहीन. सेटची तयारी, ओटीची स्वच्छता आणि रुग्णाची आधीची-नंतरची काळजी मी नेहमीप्रमाणे करीन. या केसेसच्या बदल्यात दुसऱ्या कुठल्याही केसेस घ्यायला मी तयार आहे." शेवटचं वाक्य तिनं स्वतःहून घातलं. त्यामुळे बाकीच्या मुलींच्या मनात "आमच्याच वाट्याला का" ही कुरकुर उरली नाही.

बोलणं सगळं ओटीच्या बाहेर व्हावं. कमरेतून भूल दिली असेल तर रुग्ण जागा असतो, पडदा कापडाचा असतो, आवाज थांबत नाही. आपल्या शस्त्रक्रियेला कुणी तरी नाही म्हणतंय, हे ऐकत पडून राहण्याची वेळ कुणावर येऊ नये.

आणि लिस्ट वाचा, नुसतं शीर्षक नाही. संमतीपत्रात आणखी काही जोडलंय का ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या चेकलिस्टमध्ये चिरा देण्याआधीचा टाइम आउट असतो, तेव्हा शस्त्रक्रियेचं पूर्ण नाव मोठ्यानं घेतात. पण तोपर्यंत तुम्ही गाऊन घातलेला असतो, म्हणजे उशीरच झालेला असतो. ती मुलगी आता संध्याकाळी घरी निघायच्या आधी बोर्डासमोर उभी राहते, एकेका ओळीवरून बोट फिरवते. सिझेरियनपुढे बारीक अक्षरात "विथ टीएल" (ट्युबल लायगेशन, म्हणजे नसबंदी) दिसलं की इन्चार्जच्या दारावर टकटक करते आणि म्हणते, "सिस्टर, उद्या तीन नंबरला मला हर्नियाला लावाल का?"